अरण्यविद्या आणि गृहस्थधर्म

अरण्याशी आपल्या घरांतील माणसांची पहिली ओळख बहुधा ग्रंथांतून होते. रामाच्या मागोमाग दंडकारण्यात, पांडवांबरोबर काम्यकवनात आणि शकुंतलेच्या सोबतीने कण्वाश्रमात आपण लहानपणीच जाऊन आलेले असतो. तेथील नद्या, वेली व हरिणे आपणांस जवळची वाटतात. परंतु बोरिवलीस किंवा मुलुंडास राहणाऱ्या गृहस्थास त्याच्या गच्चीवरून रोज दिसणाऱ्या रानातील दहा झाडांची नावे विचारावीत, तर पाच-सहा नावांपुढे गाडी सहसा जात नाही. साग, पळस, सावर, आंबा, वड इतके सांगून तो थांबतो, आणि उरलेले सर्व ‘जंगल’ ह्या एका शब्दात घालून मोकळा होतो. आम्ही उपनगरातील एका शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत आणि मराठी शिकविले. सेवानिवृत्तीनंतर प्रातःकाळी फिरावयास जाण्याच्या निमित्ताने ह्या रानाच्या कडेने आमच्या नित्य खेपा सुरू झाल्या. त्या फिरण्यातून जो एक विचार मनात पक्का होत गेला, तो आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

हे रान लहानसहान नव्हे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ह्या नावाने ओळखले जाणारे हे वन सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरले आहे. त्याच्या पश्चिमेस बोरिवली, कांदिवली, मालाड व गोरेगाव, पूर्वेस भांडुप व मुलुंड, उत्तरेस ठाणे आणि घोडबंदरचा रस्ता. मध्यभागी कान्हेरीची लेणी, १८६० साली पुरा झालेला विहार तलाव आणि १८७९ साली बांधलेला तुळशी तलाव. २०११ च्या जनगणनेत ज्या बृहन्मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात भरली, तिच्या कुशीत बिबट्यासारखे श्वापद स्वतंत्रपणे नांदत आहे, ही गोष्ट परदेशी पाहुण्यांस अद्भुत वाटते. आपल्याला मात्र ती रोजची झाली आहे.

ह्या रानाचे रक्षण कशाने होईल, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: कायद्याने, पहारेकऱ्याने आणि कुंपणाने. ह्या तिन्हींची आवश्यकता आम्हांस मान्य आहे. परंतु ह्या तिघांच्याही आधी रानाविषयीचे खरे, तपासून घेतलेले ज्ञान लागते. आणि ज्यांच्या दाराशी रान आहे त्यांच्या घरांत, त्यांच्या भाषेत ते ज्ञान पोहोचलेले असावे लागते. तसे ते पोहोचले नाही, तर कायदा कपाटात राहतो, पहारेकरी एकटा पडतो आणि कुंपणाला भगदाड पडते.

रानाचे शास्त्र ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवलाई आहे असा काहींचा समज असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसरे अधिकरण उघडून पाहिल्यास तो दूर होईल. तेथे हत्तींच्या वनाची व्यवस्था सांगताना, नागवनाध्यक्षाच्या हाताखालील माणसांनी माहूत, सीमारक्षक आणि वनचर ह्यांना बरोबर घेऊन फिरावे, असे म्हटले आहे. हत्तींच्या निजण्याच्या जागा, पावलांचे ठसे, लीद आणि त्यांनी ढासळविलेले नदीकाठ ह्यांवरून त्यांनी कळपाचे प्रमाण ठरवावे. कळपात फिरणारा हत्ती कोणता, एकटा हिंडणारा कोणता, दुष्ट कोणता आणि पिल्लू कोणते, हे सर्व लेखी ठेवावे. ह्या लेखी नोंदीस तेथे ‘निबंध’ असा शब्द आहे. आम्ही शाळेत ‘माझा आवडता ऋतू’ ह्या विषयावर मुलांकडून जो निबंध लिहून घेत असू, त्या शब्दाचा हा एक जुना अर्थ वर्गात सांगितला की मुले डोळे विस्फारीत.

कौटिल्याच्या ह्या व्यवस्थेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. मोजल्यावाचून वनाचा कारभार करू नये, ही एक. आणि मोजणी रानात वावरणाऱ्याच्या डोळ्यांनी करावी, ही दुसरी. तिसरी एक गोष्ट मात्र त्या प्रकरणात नाही. तो निबंध कडेच्या गावांत वाचून दाखवावा, असे तेथे सांगितलेले नाही. ज्ञान राजाचे, दप्तरही राजाचे.

इंग्रजी अमदानीत दप्तर बदलले, पण रीत तीच राहिली. १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांची पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढे १८७८ च्या कायद्याने राने राखीव होऊ लागली. वृक्षांच्या याद्या झाल्या, इमारती लाकडाचे हिशेब झाले. परंतु ते सर्व इंग्रजीत आणि सरकारी कपाटांत. ज्यांची गुरे त्या रानांत चरत असत त्यांच्या वाट्यास ज्ञान आले नाही, मनाई तेवढी आली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत, त्यांचे कारण हेच. कारण न सांगता घातलेली मनाई लोकांस जुलूम वाटते, आणि जुलूम वाटणारा नियम कोणी मनापासून पाळीत नाही, हा अनुभव प्रत्येक शिक्षकास वर्गातही येतो.

ज्ञानावाचून केलेला उपाय कसा उलटतो, ह्याचा धडा आमच्या पिढीला बिबट्याने दिला. २००२ ते २००४ ह्या काळात ह्या उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्याच्या हल्ल्यांनी अनेक माणसे दगावली. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडी तर वर्तमानपत्र उघडावयाची भीती वाटत असे. उपाय सर्वांस एकच सुचे: पिंजरा लावा, जनावर धरा आणि दूर नेऊन सोडा. त्याच सुमारास, म्हणजे २००१ पासून, पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात हाच उपाय मोठ्या प्रमाणावर चालू होता. उसाच्या शेतांतून बिबटे धरावेत आणि लांबच्या रानांत सोडावेत, असा क्रम होता. करणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि कष्टही पुष्कळ होते.

डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्या सर्व प्रकरणाचा हिशेब मांडला व तो २०११ साली प्रसिद्ध केला. त्या भागात माणसांवरील हल्ले पूर्वी वर्षाकाठी सरासरी ४ होत असत. धरपकड सुरू झाल्यानंतर ते १७ वर गेले. पूर्वी शेकडा १८ हल्ले जीवघेणे ठरत. ते प्रमाण ३६ झाले. उपायानेच रोग वाढविला होता. ह्याचे कारण समजावयास कठीण नाही. बिबट्या आपला मुलूख धरून राहणारा प्राणी आहे. एक जुना नर किंवा मादी उचलून नेली, म्हणजे तो मुलूख ओस पडत नाही. तेथे दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या येतो. आणि ज्याला परमुलखात नेऊन सोडले, तो धास्तावलेला जीव अनोळखी वस्त्यांतून वाट काढीत हिंडू लागतो.

तो किती हिंडतो हे ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने दाखविले. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे हा वयस्क नर विहिरीत सापडला. गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. तेथे तो राहिला नाही. सुमारे १२० किलोमीटर चालून तो जेमतेम महिन्याभरात मुंबईच्या ह्या राष्ट्रीय उद्यानापाशी येऊन ठेपला, आणि वाटेत त्याने कोणा माणसास इजा केली नाही. २०११ साली महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्यावर पुढे २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला. माणसाने नकाशावर आखलेली रानाची सीमा बिबट्या मानीत नाही, ही गोष्ट त्याच्या त्या प्रवासाने लोकांना जितकी पटली, तितकी दहा परिपत्रकांनी पटली नसती.

दुसरा प्रश्न असा की, बिबट्या वस्तीकडे येतो तो कशासाठी? अकोले तालुक्यातील शेतीच्या मुलखात बिबट्याच्या विष्ठेची तपासणी झाली, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने शेकडा ८७ भाग पाळीव प्राण्यांचा आढळला, आणि त्यात एकट्या कुत्र्याचाच वाटा शेकडा ३९ होता. बोरिवलीच्या रानात चितळ-सांबर असूनही तेथील बिबट्याच्या आहारात कुत्र्याचा हिस्सा चौथाईच्या आसपास निघाला. येथील बिबटे वर्षास सुमारे १५०० भटकी कुत्री खात असावेत, असा अंदाज २०१८ साली एका शास्त्रीय नियतकालिकात मांडला गेला. आता कुत्री कशावर जगतात? आपल्या स्वयंपाकघरांतून बाहेर पडणाऱ्या उष्ट्याखरकट्यावर. येथे वनशास्त्राचा धागा थेट आपल्या मोरीपाशी येऊन पोहोचतो. भिंतीच्या कडेला खरकटे पडते, खरकट्याला कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि त्याच वाटेवर दिवेलागणीनंतर एखादे मूल एकटे असते. ह्या साखळीतील कोणती कडी गृहिणीच्या हातची आहे, हे वाचक भगिनींस वेगळे सांगावयास नको.

२०११ साली तेव्हाचे उद्यानाचे प्रमुख सुनील लिमये ह्यांच्या कारकीर्दीत हे ज्ञान दप्तराबाहेर काढण्याचा यत्न झाला. वनखाते, डॉ. अत्रेयांसारखे शास्त्रज्ञ आणि शहरातील नागरिक ह्यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ ही मोहीम सुरू केली. पत्रकारांस बिबट्याचा स्वभाव समजावून दिला गेला. बिबट्या दिसल्यावर जमणारी गर्दी हाच सर्वांत मोठा धोका असतो, हे पोलिसांस सांगण्यात आले. वस्त्यांत व शाळांत सभा झाल्या. पुढे २०१५ साली स्वयंचलित कॅमेरे लावून झालेल्या गणनेत ३५ बिबटे निघाले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी निराळी असते. त्यामुळे कोणती मादी, तिची पिल्ले कोणती, कोण कोठे फिरते, हे ओळखता येते. कौटिल्याचा निबंध पुन्हा लिहिला जाऊ लागला, आणि ह्या वेळी तो लोकांस वाचूनही दाखविला गेला. २००४ च्या मानाने हल्ल्यांचे प्रमाण पुढे पुष्कळ उतरले.

परंतु मोहीम निघाली म्हणजे घरोघरी ज्ञान पोहोचले, असे नव्हे. गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या मागील भिंतीवरून पहाटे बिबट्या चालत गेल्याचे तेथील कॅमेऱ्यात दिसले. ते चित्र दुपारपर्यंत सर्वांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचले आणि रात्री सभा भरली. शेजारच्या जिन्यातील एक निवृत्त बँक-अधिकारी म्हणाले, “पिंजरा लावण्याचा अर्ज उद्याच्या उद्या गेला पाहिजे. मास्तर, तुमचा हात लिहिता आहे. तुम्हीच मसुदा करा.”

आम्ही म्हटले, “मसुदा करू. पण त्याआधी जुन्नरला पिंजऱ्यांचे काय झाले, तेवढे पाच मिनिटे ऐकून घ्या.”

वर दिलेले आकडे आम्ही सभेत सांगितले. सभेत पदवीधर नाही असा माणूस विरळा. तरीही तो हिशेब एकानेही पूर्वी ऐकलेला नव्हता. काही जण विचारात पडले. बँक-अधिकारी मात्र म्हणाले, “आकडे आम्हीही जन्मभर पाहिले. आमच्या भिंतीवर जनावर नको, इतकेच आमचे म्हणणे.” तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई उठली. ती आमची एके काळची विद्यार्थिनी. ती म्हणाली, “सर, तुम्ही सांगता ते खरेच असेल. पण माझा मुलगा चार वर्षांचा आहे आणि संध्याकाळी सात वाजता तो खाली खेळत असतो. त्याला काही झाले, तर मी कोणते संशोधन वाचत बसू?”

ह्या प्रश्नाला आकड्याने उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. आईची भीती हे अज्ञान नव्हे. शास्त्राने त्या भीतीला तुच्छ लेखले, तर शास्त्राला दारातूनच परत जावे लागेल. २०२२ च्या दिवाळीत आरे वसाहतीत बिबट्याच्या हल्ल्यात सोळा महिन्यांची एक बालिका दगावली. त्या घरच्यांपुढे सरासरीचा हिशेब मांडण्याचा अधिकार कोणालाच नाही. आम्ही सूनबाईस इतकेच म्हणालो, “त्याला काही होऊ नये, ह्यासाठीच हे जाणून घ्यावयाचे. पिंजऱ्याने तो अधिक सुरक्षित होत असता, तर पहिली सही आम्हीच केली असती.”

पिंजरा कधीच लावू नये असे शास्त्र म्हणत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आरे वसाहतीत लागोपाठ हल्ले झाले. तेव्हा कॅमेऱ्यांच्या नोंदींशी ताडून कोणते जनावर हल्ले करीत असावे ह्याचा माग काढण्यात आला आणि बिबटे धरण्यात आले. भिंतीवरून निमूट जाणारा बिबट्या आणि माणसावर चालून येणारा बिबट्या ह्यांत भेद करावयाचा, तर प्रत्येकाची नोंद हवी. नोंद नसेल तर जो सापडेल त्यास शिक्षा, असा न्याय होतो. आणि खरा अपराधी मोकळा राहतो.

त्या रात्री अर्जाचा निर्णय झाला नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाई आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, काय करायचे ते एका कागदावर लिहून द्या.” आम्ही लिहिले. ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नये, झाकणाच्या डब्यात ठेवून सकाळी द्यावा. भिंतीपाशी कुत्र्यांना अन्न घालू नये. मागील बाजूची झुडपे कमी करून तेथे दिवा लावावा. दिवेलागणीनंतर मुलांना मोठ्या माणसावाचून सोडू नये. अंधारात एकट्याने उकिडवे बसू नये, कारण बसलेला मनुष्य बिबट्याला लहान सावजासारखा दिसतो. बिबट्या दिसल्यास त्याच्याभोवती जमू नये, त्याचा पाठलाग करू नये, त्याला वाट मोकळी ठेवावी आणि वनखात्यास कळवावे. आमची भाषा ग्रंथांत मुरलेली. तिने पहारेकऱ्यासाठी आणि धुणीभांडी करणाऱ्या बायांसाठी तेच सोप्या बोलीत उतरविले, आणि त्याचा हिंदी व गुजराती तर्जुमाही करून घेतला. पुढच्या सभेत पिंजऱ्याचा अर्ज थोड्या मतांनी मागे पडला. बँक-अधिकाऱ्यांनी स्वतःच्या नावाने वेगळा अर्ज धाडला, आणि त्यानंतर जिन्यात भेटले तरी ते आमच्याशी बोलत नाहीत. मागील भिंतीपाशी कुत्र्यांची वर्दळ मात्र कमी झाली. चैत्रात बिबट्या कॅमेऱ्यात पुन्हा एकदा दिसला; भिंतीवरून गेला, थांबला नाही.

इथवर ज्ञान शास्त्रज्ञाकडून आपल्याकडे कसे आले, हे सांगितले. पण रानाचे ज्ञान एकाच दिशेने वाहत नाही. पावसाळ्याच्या तोंडी राष्ट्रीय उद्यानातील एका पाड्यावरची वारली म्हातारी आमच्या दारी शेवळे घेऊन येते. शेवळाची भाजी आपल्या घरांतून आवडीने होते, आणि ती नीट न केल्यास घसा कसा खवखवतो हेही सर्वांस ठाऊक आहे. त्या खाजेचे कारण कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म कण, असे रसायनशास्त्र सांगते. म्हातारीला ते नाव ठाऊक नाही. पण शेवळांच्या जुडीबरोबर आंबट काकडांची मूठ दिल्यावाचून ती कधी जात नाही. आमच्या घरातून एकदा तिला विचारणे झाले, की इतकी शेवळे काढता तर पुढल्या वर्षी येतात कोठून? ती म्हणाली, “वरचं काढायचं, आई. कांदा भुईतच ठेवायचा. कांदा काढला तर मग काय उरलं?” वनस्पतीचा उपयोग करावा आणि तिचे बीज राखावे, ह्या एका सूत्रावर आजचे वनव्यवस्थापनाचे शास्त्र मोठमोठे ग्रंथ लिहिते.

वारली लोक वाघोबाला देव मानतात. आपल्या घरी दिवाळीच्या तोंडी वसुबारस होते, तेव्हा अनेक आदिवासी वस्त्यांत वाघबारस होते. आपण गाय-वासराला पुजतो, ते वाघालाही पुजतात. ह्या श्रद्धेमुळे माणूस आणि बिबट्या एकाच मुलखात कसे निभावून नेतात, ह्याचा अभ्यास २०२१ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या ज्ञानास कालपर्यंत अडाणीपणा म्हणत, तेच आज विद्वानांच्या चर्चेचा विषय झाले आहे.

आमचा तो कागद आम्ही म्हातारीलाही दिला. तिच्या नातीने तो तिला वाचून दाखविला. दुसऱ्या खेपेस ती आली, तेव्हा म्हणाली, “मास्तर, हे आमाला ठावं हाय. आमचा म्हातारा बी हेच सांगायचा. पर तुमच्या भितीला चार दिवे लागले. आमच्या वाटंला एक तरी लावा.”

ह्या वाक्यानंतर आमच्या कागदात भर घालण्यासारखे काही उरले नाही. अंधारात जाऊ नका, हे ज्ञान ज्याच्या घरी दिवा आहे त्याला उपयोगी. ज्याच्या वाटेवर दिवा नाही आणि ज्याला पहाटे त्याच वाटेने कामावर जावे लागते, त्याला त्या ज्ञानाने केवळ भीती मिळते. म्हणून आम्ही अखेर अर्जाचा मसुदा केला तो त्या वाटेवरील दिव्यासाठी. पहिली सही तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईची आहे. अर्जास अद्याप उत्तर आलेले नाही. आम्ही दर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र पाठवीत आहो.

शास्त्र आणि लोकज्ञान ह्यांची गाठ नीट पडली म्हणजे काय घडू शकते, हे पाहावयाचे तर मुंबईपासून दूर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाकडे पाहावे. तेथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या पुढाकाराने ‘अभ्यास गट’ अशी रीत पडली. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून एखादा प्रश्न खल करून समजून घेतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. मधमाश्यांचा असाच अभ्यास झाला आणि पोळे जाळण्यावाचून मध काढण्याची रीत पुढे आली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर वनावर ह्या गावाचा सामूहिक हक्क २००९ साली मान्य झाला, आणि २०११ पासून तेथील बांबू ग्रामसभा स्वतः विकू लागली. जाणकाराने सांगावे, गावाने तपासावे आणि मग ठरवावे, हा क्रम आम्हांस गुरुकुलातील वादपद्धतीची आठवण करून देतो. तेथेही शंका विचारल्यावाचून पाठ पुढे सरकत नसे.

आपल्या उपनगरांत असा अभ्यास गट का नसावा? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेच्या क्षेत्रात लोकांच्या साहाय्याने जैवविविधतेची नोंदवही व्हावी, अशी तरतूद केलेली आहे. तिच्यात भर घालण्यास पदवी लागत नाही, डोळे लागतात. २०१० पासून ‘सीझनवॉच’ नावाचा एक उपक्रम देशभर चालू आहे. त्यात आपण एक झाड निवडावयाचे आणि दर आठवड्यास त्याची पालवी, फुले, फळे ह्यांची नोंद पाठवावयाची. आमच्या वाटेवरचा एक पळस आम्ही निवडला आहे. पंचांग उघडून तिथी पाहण्याची सवय ज्या घरांत आहे, त्यांस झाडाचे पंचांग ठेवणे जड जाऊ नये. हजारो झाडांच्या अशा नोंदी अनेक वर्षे जमल्या, म्हणजे ऋतुमान किती बदलले हे अनुमानावर न राहता हिशेबाने सांगता येते.

अडचण राहते ती भाषेची. बिबट्यावरचे, रानावरचे बहुतेक मूळ अभ्यास इंग्रजीत आहेत. आणि जे मराठीत येते ते पुष्कळदा वर्तमानपत्री मथळ्यांपुरते असते. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत राहून आदिवासींच्या तोंडचे शब्द टिपले, संस्कृत ग्रंथ चाळले आणि मराठीस पक्षिकोश दिला. तो मार्ग पुढे चालविण्यास निवृत्त शिक्षकांइतका मोकळा वर्ग दुसरा कोणता? ज्यांच्या घरातील मुलगा किंवा सून जीवशास्त्र शिकलेली आहे, त्यांनी वर्षातून एक अभ्यास तरी सोप्या मराठीत दोन पानांत उतरवावा आणि तो पहारेकऱ्यापासून शाळेच्या फळ्यापर्यंत पोहोचवावा. ज्ञान देणे हे दानांत श्रेष्ठ, असे आपण मानतो. ह्या दानास कोठे बाहेरगावी जावे लागत नाही.

आणि हे काम एका माणसाच्या आयुष्यात उरकणारे नाही. कान्हेरीच्या वाटेवरील उतारांवर कारवी वाढते. सात वर्षे ती केवळ हिरवी असते. आठव्या वर्षी सारा डोंगर एकदम जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड उडते, आणि फुलून झाल्यावर ते सबंध झुडूप वाळून जाते. तिच्याच काठ्यांचे कूड लिंपून पाड्यावरची घरे उभी राहतात. हा फुलोरा येथे २००८, २०१६ आणि २०२४ साली आला. पुढला २०३२ साली यावयाचा. दर थोड्या वर्षांनी बदली होणाऱ्या अधिकाऱ्यास एका जागी हे चक्र एकवारही पुरे पाहावयास मिळणे कठीण. ते सलग पाहतात पाड्यावरचे लोक आणि उपनगरातील आपल्यासारखी स्थायिक कुटुंबे. आपण घराण्याचे कुलवृत्तांत मोठ्या निगुतीने लिहितो व छापतो. त्यातच रानाचीही चार पाने असावीत. आम्ही २०२४ च्या फुलोऱ्याची नोंद तारीखवार करून ठेवली आहे आणि वही नातवाच्या स्वाधीन केली आहे. २०३२ सालाचे पान कोरे सोडले आहे. ते आमच्या हाताने भरले गेले नाही, तरी चालेल. मात्र ते कोरे राहू नये.